विमानाच्या नाकपुड्या

२०२० साली धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर एका विमानाच्या उड्डाणचाचण्या झाल्या. विमान सहा आसनी, एका इंजिनाचे. ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने ते मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते क्रेनने गच्चीवरून खाली आणावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि पुढच्या वर्षी ते खानदेशातल्या आकाशात उडाले.

स्वतः बांधलेले विमान म्हटले की लोकांना पंख आठवतात, फार तर शेपूट. इंजिन बाजारात विकत मिळते, त्यामुळे तो प्रश्न सुटला असे वाटते. पण इंजिन विकत मिळाले, तरी त्याला थंड ठेवण्याची व्यवस्था कोणी विकत देत नाही. ती विमानाच्या नाकाच्या आकारावर ठरते, आणि नाक ज्याचे त्याने बनवायचे असते. जळगावला शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही लहान विमानांची चित्रे दाखवत होतो, तेव्हा एका बाईंनी पंख्यामागच्या दोन भोकांकडे बोट दाखवून विचारले, "सर, पुढे एवढा मोठा पंखा फिरतोय, मग या नाकपुड्या कशाला?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला विमानविद्येला तीसएक वर्षे लागली आणि घरी विमान बांधणारे लोक आजही त्यावर घाम गाळत असतात.

पेट्रोल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णता पंखा फिरवण्याच्या कामी येते. त्याहून बरीच जास्त धुराड्यातून निघून जाते. उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून आणि तेलातून बाहेर काढावी लागते. १०० अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनातून अशी ३५ ते ४० किलोवॅट उष्णता सतत बाहेर न्यावी लागते. घरातल्या पाणी तापवण्याच्या वीस-पंचवीस कॉइल एकदम चालू ठेवल्यासारखे हे आहे. ही उष्णता वाहून नेणाऱ्या हवेचे तापमान ६० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर दर सेकंदाला साधारण ०.६ किलो, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त हवा लागते.

सुरुवातीच्या विमानकर्त्यांनी यावर सोपा उपाय केला होता. त्यांनी सिलिंडर उघडेच ठेवले. १९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समधल्या सेग्वें बंधूंनी 'नोम' नावाचे जे इंजिन काढले त्यात तर पंख्याबरोबर अख्खे इंजिनच गरगर फिरत असे. दांडा स्थिर आणि सिलिंडर फिरते, म्हणजे विमान उभे असले तरी वारा मिळतो. पुढे इंजिन स्थिर झाले, पण सिलिंडर वाऱ्यात उघडेच राहिले. १९२७ साली लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला त्या विमानाच्या नाकावर नऊ सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे बाहेर आलेले छायाचित्रांत दिसतात.

उघडे सिलिंडर थंड राहतात, पण वाऱ्याला फार अडवतात. गोल वस्तूमागे हवा वस्तूला चिकटून वळत नाही, ती भिंत सोडते आणि मागे भोवऱ्यांची शेपटी तयार होते. गंमत अशी, की याच कारणाने सिलिंडर नीटसा थंडही होत नाही. पुढची बाजू गार आणि मागची तापलेली राहते. म्हणजे वाऱ्याची किंमत पुरेपूर मोजायची आणि काम मात्र अर्धेच व्हायचे.

अमेरिकेत 'नाका' या सरकारी संशोधन संस्थेने १९२७ मध्ये लँगली येथे वीस फूट व्यासाचा वातबोगदा उभारला. त्यात विमानाचे नाक इंजिनासकट बसवून पंखा चालू ठेवून मोजमाप करता येई. फ्रेड वीक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंजिनाभोवती पत्र्याची वेगवेगळी टोपणे बसवून पाहिली. पहिल्या टोपणात इंजिन तापले. मग आतल्या हवेला वाट दाखवणारे पत्र्याचे आडोसे घातले, पुढचे तोंड आणि मागची फट यांची मापे बदलत नेली. शेवटी जे टोपण तयार झाले ते कर्टिस कंपनीच्या एका विमानावर चढवले, तेव्हा त्याचा वेग ताशी १९० किलोमीटरवरून २२० वर गेला. इंजिन तेच आणि पंखही तेच होते. वाढली होती फक्त पत्र्याची टोपी. या कामासाठी 'नाका'ला १९२९ सालचा कोलिअर पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये टाउनेंड यांनी त्याच सुमारास सिलिंडरांभोवती नुसते कडे बसवून असाच फायदा दाखवून दिला होता.

त्या आडोशांचे महत्त्व आम्हाला फार पूर्वी पटले ते जळगावच्या उन्हात. स्कूटरचे इंजिन मागच्या बाजूला झाकलेले असते, म्हणून त्यावर एक छोटा पंखा आणि सिलिंडरला वेढणारे पत्र्याचे कव्हर असते. एकदा दुरुस्तीनंतर मेकॅनिकने ते कव्हर परत बसवलेच नाही. "पत्रा काढला तर हवा जास्तच लागेल," असे त्याचे म्हणणे, आणि आम्हालाही ते पटले! मे महिन्यात वीसेक किलोमीटर गेलो आणि पिस्टन जाम झाला. पंखा हवा फेकत होताच, पण ती सिलिंडरच्या फिन्समधून न जाता आजूबाजूने निघून जात होती. हवेला मोकळी वाट दिसली की ती अरुंद फटीत शिरत नाही. विमानाच्या टोपणाखालीही नेमके हेच घडते.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते 'पस मॉथ' विमानातून. त्याच्या इंजिनात चार सिलिंडर एका रांगेत, उलटे टांगलेले होते. अशा रांगेत पहिल्या सिलिंडरला वारा मिळाला तरी चौथ्याला मिळत नाही. म्हणून हवा नाकाच्या एका बाजूने पन्हळीत घ्यायची, आडोशांनी प्रत्येक सिलिंडरवरून आडवी न्यायची आणि दुसऱ्या बाजूने सोडायची अशी रचना असे. स्वतंत्र भारतात हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. त्यातही याच प्रकारचे इंजिन होते. या विमानाचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. त्यांनी डॉक्टरेट केली जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात, लुडविग प्रांटल यांच्याकडे. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकीचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवण्याचे काम घाटग्यांकडेच आले.

प्रांटल यांचे नाव येथे सहज आलेले नाही. वाहत्या हवेचा भिंतीलगतचा पातळ थर घर्षणामुळे मंदावलेला असतो, हे त्यांनी १९०४ मध्ये दाखवले. याला सीमास्तर म्हणतात. पुढे जसजसे जावे तसतसा तो जाड होत जातो. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या नाकापासून तीन मीटर मागे, पोटाखाली, त्याची जाडी चारेक सेंटिमीटर होते. तेथे हवा घेण्यासाठी भोक पाडले, तर आधी येते ती ही दमलेली हवा. तिच्यात फिन्समधून घुसण्याइतका जोर नसतो.

या पार्श्वभूमीवर १९३५ सालचा एक इंग्रजी अहवाल महत्त्वाचा ठरतो. फार्नबरो येथील शास्त्रज्ञ एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी त्यात द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाचा रेडिएटर नळीत ठेवण्याचा विचार मांडला. नळीचे तोंड लहान, पुढे ती हळूहळू रुंद होते. हवेचा वेग कमी होतो आणि बर्नूलीच्या नियमाप्रमाणे दाब वाढतो. या मंद, दाबलेल्या हवेतून रेडिएटरचा अडथळा ओलांडायला फार ऊर्जा लागत नाही, कारण अडथळ्याची किंमत वेगाच्या वर्गानुसार वाढते. मागे नळी पुन्हा अरुंद होते आणि हवा वेगाने बाहेर पडते. मेरेडिथ यांचे खरे म्हणणे पुढे आहे. रेडिएटरमध्ये हवा तापते, फुगते. म्हणजे दाबलेल्या हवेला उष्णता देऊन मागे सोडली तर तिच्यातून थोडा रेटाही मिळायला हवा. जेट इंजिनाचे हे मंद रूपच झाले.

दुसऱ्या महायुद्धातील 'मस्टँग' विमानाच्या पोटाखालची पन्हळ याच तत्त्वावर होती. ते विमान ऑक्टोबर १९४० मध्ये प्रथम उडाले. पन्हळीचे तोंड पोटाला चिकटून न ठेवता थोडे खाली, फट सोडून ठेवण्याचा सुधार पुढे करावा लागला, म्हणजे सीमास्तर वरच्या वर निघून जातो. 'मस्टँगच्या रेडिएटरमुळे विमान पुढे ढकलले जाई' असे वाक्य लोकप्रिय पुस्तकांत वारंवार येते. आमच्या मते ते जरा सैल आहे. थंड करण्यासाठी मोजलेली किंमत बरीचशी परत मिळे, एवढे म्हणणे बरोबर ठरेल, आणि तेही काही थोडे नाही. शंभर रुपये उधार देऊन नव्वद परत आले तर ते व्याज नव्हे.

१९४५ मध्ये 'नाका'च्याच एम्स प्रयोगशाळेतून आणखी एक युक्ती पुढे आली. पृष्ठभागावर काहीही बाहेर न काढता, आत उतरत जाणारी आणि पुढे रुंद होणारी वळणदार खाच. तिच्या दोन्ही कडांवर भोवरे तयार होतात आणि ते सीमास्तराला बाजूला सारतात. मोटारींच्या शर्यतीची चित्रे पाहणाऱ्या मुलांना हा आकार ओळखीचा असतो. मात्र सीमास्तर पातळ असेल तिथेच ही खाच नीट चालते.

अमेरिकेत हौशी विमानकर्त्यांची संघटना १९५३ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झाली आणि घरी विमान बांधणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. बर्ट रुटान यांचे 'व्हॅरी-ईझी' हे १९७५ मध्ये उडालेले विमान नकाशांवरून शेकडो लोकांनी बांधले. त्यात इंजिन मागे होते. अशा विमानात पंख्याचा झोत इंजिनावर येत नाही, जमिनीवर उभे असताना तर इंजिनाला वाराच नसतो. रुटान यांच्या पुढच्या 'लाँग-ईझी' विमानाच्या पोटाखाली 'नाका'ची खाच होती. पण पोटाखाली सीमास्तर जाड, त्यामुळे अनेकांनी ती बुजवून मस्टँगसारखी सुटी पन्हळ बसवली. या लोकांकडे वातबोगदा नव्हता. त्यांनी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची नळी कॉकपिटमध्ये टांगून इंजिनाच्या वरचा आणि खालचा दाब मोजला, टोपणावर लोकरीचे धागे चिकटवून हवेची वाट पाहिली.

आपण स्वतः थोडा हिशेब करून पाहू. नववी-दहावीचे विद्यार्थीही तो करू शकतील. विमानाचा वेग सेकंदाला ५५ मीटर धरू. दर सेकंदाला ०.६ किलो हवा आत घेतली आणि ती २० मीटर वेगाने बाहेर सोडली, तर तिचा संवेग दर सेकंदाला ०.६ × ३५, म्हणजे २१ एककांनी घटला. एवढाच, २१ न्यूटनांचा, विरोध विमानाला झाला. तीच हवा मागच्या फटीतून ४५ मीटर वेगाने सोडता आली तर विरोध ०.६ × १० म्हणजे फक्त ६ न्यूटन. अशा विमानाला एकूण विरोध सुमारे ८०० न्यूटन असतो. म्हणजे वाचले ते दोन टक्क्यांच्या आतबाहेर.

एवढ्यासाठी इतका खटाटोप का, असे कोणी विचारील. एक तर, वरचा हिशेब आदर्श आहे. प्रत्यक्षात आडोशांच्या फटींतून कामाशिवाय गळणारी हवा अनेकदा कामाच्या हवेइतकी असते. तीही आत घेतलेलीच असते आणि तिचाही संवेग गमावलेला असतो. दुसरे, तोंड गरजेपेक्षा मोठे ठेवले तर आत न मावणारी हवा कडेवरून सांडते आणि टोपणाच्या बाहेरचा प्रवाहही बिघडवते. ०.६ किलो हवेला पूर्ण वेगाने शिरायला केवळ तळहाताएवढे, शंभर चौरस सेंटिमीटरचे तोंड पुरते. वेग निम्मा करून घ्यायची असेल तर दोनशे. जुन्या लहान विमानांची तोंडे यापेक्षा कितीतरी मोठी दिसतात. बांधणाऱ्याला इंजिन तापायची भीती वाटते आणि तो आधी पुढचे भोक मोठे करतो. वास्तविक आतल्या हवेचे प्रमाण पुष्कळदा मागची फट ठरवते. म्हणूनच अनेक विमानांत मागच्या फटीला उघडझाप करणारी झडप असते: चढताना उघडी, सरळ उडताना जवळजवळ बंद.

तोंडातून आत गेल्यावर नळी रुंद करायची ती सावकाश. भिंती दर बाजूला सहा-सात अंशांपेक्षा जास्त झपाट्याने फाकल्या तर हवा भिंत सोडते आणि दाबाऐवजी नुसते भोवरे मिळतात. लहान विमानाच्या नाकात त्यासाठी पुरेशी लांबी सापडत नाही. येथे प्रत्येक कर्त्याला तडजोड करावी लागते आणि येथेच विमाने एकमेकांपासून वेगळी होतात.

आणि आता खानदेशचे ऊन. पुस्तकांतले आकडे १५ अंश तापमानाला, समुद्रसपाटीला दिलेले असतात. जळगाव-धुळ्याला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४५ अंश ही काही बातमी नाही. या तापमानाला, धुळ्याच्या उंचीवर, हवेची घनता सुमारे १.०८ किलो प्रति घनमीटर होते, पुस्तकातली १.२२५. म्हणजे तेवढ्याच भोकातून बारा टक्के कमी हवा शिरते. शिवाय सिलिंडरचे डोके २०० अंशांवर ठेवायचे असेल तर पुस्तकातल्या हवेशी त्याचा फरक १८५ अंशांचा असतो, आपल्या हवेशी १५५ अंशांचा. उष्णता वाहते ती या फरकावर. दोन्ही तोटे एकत्र धरले तर थंड करण्याची ताकद चतुर्थांशाने घटते. त्यातही कठीण वेळ म्हणजे उड्डाणानंतरची चढण: इंजिन पूर्ण जोरात आणि वेग कमी. ताशी १६० किलोमीटर वेगाने चढताना ४५ अंशांच्या हवेचा गतिज दाब जेमतेम ११ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. चार सिलिंडरच्या सामान्य इंजिनाला फिन्सच्या अलीकडे-पलीकडे दहा ते पंधरा सेंटिमीटरचा फरक लागतो. पंख्याचा झोत थोडी भर घालतो, पण गळती परवडत नाही. गेल्या काही वर्षांत धुळे, शिरपूर आणि जळगाव येथून प्रशिक्षणाची विमाने उडू लागली, त्यांच्या वैमानिकांना इंजिनाच्या तापमानाचा काटा सारखा पाहावा लागतो तो यामुळे.

हे वर्गात दाखवता येते. खानदेशात घरोघरी कूलर असतो. त्याच्या जाळीत भरतात ते गवत घ्या. पुठ्ठ्याचे मोठे खोके दोन्ही बाजूंनी उघडे करून मध्यभागी या गवताची चार बोटे जाड भिंत उभी करा. हे झाले आपले इंजिन. समोर टेबल फॅन ठेवा. दाब मोजायला सलाईनची पारदर्शक नळी पुरते, पण सरळ यू-नळीत पाणी दीड मिलिमीटरही हलत नाही आणि मुले कंटाळतात. म्हणून नळीच्या दोन्ही बाजू दहास एक अशा उतारावर फळीला बांधा. पातळीतला तोच फरक आता सेंटिमीटरभर दिसतो. पाण्यात रंगाबरोबर साबणाचा एक थेंब टाकला की ते नळीला चिकटून राहत नाही. नळीचे एक टोक गवताच्या पुढे, दुसरे मागे ठेवा. नंतर पुढच्या बाजूला पुठ्ठ्याचे नरसाळे कधी झपाट्याने, कधी सावकाश रुंद होणारे लावून पाहा; उदबत्तीचा धूर कुठे भिंत सोडतो ते दिसते.

आम्ही हा प्रयोग जळगावच्या शिबिरात केला तेव्हा पाणी सहाच मिलिमीटर सरकत होते. पंखा वाढवला, नरसाळे बदलले, फरक पडेना. शेवटी ज्या बाईंनी नाकपुड्यांचा प्रश्न विचारला होता त्यांनीच उदबत्ती खोक्याच्या कोपऱ्याशी धरली. धूर गवतात न शिरता गवत आणि पुठ्ठा यांमधल्या बोटभर फटीतून सरळ मागे जात होता. कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापून चारही कडांना फट बुजवली. पाणी दहा मिलिमीटरवर जाऊन थांबले.